फाशी की सुधारण्याची संधी? सही करण्याआधी

एखादा भयंकर गुन्हा घडला की आठ-दहा दिवसांत निवेदनाचा कागद फिरायला लागतो. वर ‘नराधमास फाशी झालीच पाहिजे’, खाली नाव, पत्ता, सही असे रकाने. असा कागद पुढ्यात आल्यावर हातात पेन घेऊन तुम्ही जरा थबकला असाल, तर हे तुमच्यासाठी. मी अशा कागदावर एकदा सही केली आहे आणि एकदा तो तसाच परत दिला आहे. दोन्हींच्या मधे एका सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी नोकरी झाली. न्यायाधीश साहेब सांगायचे, मी टाइप करायचो. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या बेताने घ्या.

दोन्ही बाजूंचे सुविचार तुम्हाला पाठ असतील. खुनाला जन्मठेप किंवा फाशी हेही ठाऊक असेल. ते सगळं सोडून देतो.

आधी फाशीच्या बाजूने. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या रागाला कायद्याच्या पुस्तकात जेवढी मोठी जागा मिळू शकते तेवढी फाशीत मिळते, हे मान्य केलंच पाहिजे. ‘त्यालाही आई आहे’ असं सांगणारे लोक मयताच्या आईसमोर कोर्टाच्या व्हरांड्यात कधी बसलेले नसतात. मी बसलो आहे. निकालाच्या दिवशी एका मयत मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, “झालं ना आता?” फाशी सुनावली होती. मी म्हटलं, “झालं, काका.”

ते झालं नव्हतं. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. कागद तिकडे जातात, मग सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार, मग राज्यपाल, राष्ट्रपती. हे काका त्यानंतर कितीतरी वर्षं कधी नकलेसाठी, कधी नुसतं ‘काय झालं’ विचारायला येत राहिले. माझ्याकडे बघताना त्यांना माझं ते वाक्य आठवत असणार असं मला प्रत्येक वेळी वाटायचं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पक्की केली आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबापायी ती जन्मठेपेवर आणली. ती लेकरं गेली त्या घरांनी ही सोळा वर्षं कशी काढली असतील? जन्मठेपेतही अपील असतंच, पण घरच्यांचा जीव असा टांगून राहत नाही. या मुद्द्यावर फाशी जिंकेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. आता तितकी खात्री नाही.

जरब बसते का, यावर फार बोलत नाही. २००४ ते २०२० या काळात देशात एकूण आठ जणांना फाशी दिली गेली, आणि एकट्या २०२२ सालात खुनाचे २८ हजारांहून जास्त गुन्हे नोंदले गेले. एवढ्यावरून फाशीची जरब नाही असं सिद्ध होत नाही. तिच्या बाजूचे म्हणतील, देतच नाही तर बसेल कशी? तेही खरंच. मी आपला पिंजऱ्यातली माणसं बघून सांगतो. त्यांच्या जबाबांत दारू होती, संशय होता, शेताचा बांध होता, पैसे होते. आपण पकडले जाऊ हे कुणाच्या हिशोबात दिसलं नाही. शिक्षा किती होईल हा विचार तर त्याच्याही पुढचा.

आता ज्या गोष्टीने माझा कौल फिरला ती. गोष्ट छोटी आहे, एका परिच्छेदाची.

१९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनाबाह्य नाही असं चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच द्यायची असं बंधन घातलं. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच निकालात आणखी एक अट आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आरोपी सुधारू शकत नाही, हे सरकारने पुराव्याने सिद्ध करायचं. नुसतं म्हणायचं नाही, पुरावा द्यायचा.

माझ्या नोकरीत मी फाशीचे दोन निकाल टाइप केले. पहिला २००३ चा. सकाळी दोष सिद्ध झाल्याचं सांगितलं आणि दुपारी शिक्षेवर म्हणणं ऐकलं. आरोपी म्हणाला, घरी म्हातारे आईबाप आहेत, दया करा. त्याचे वकील चार वाक्यं बोलले, सरकारी वकील दहा. सगळं मिळून वीसेक मिनिटं. मग साहेबांनी सांगितलं ते मी उतरवलं, त्यात हा परिच्छेद होता. मूळ इंग्रजी, आशय असा: कृत्याचं क्रौर्य पाहता आरोपीत सुधारणा होण्याची सुतराम शक्यता नाही, तो समाजाला कायमचा धोका आहे. साहेब सज्जन होते. त्या रात्री ते जेवले नाहीत असं त्यांचा शिपाई म्हणाला. फाशीच्या निकालावर सही केली की निब मोडायची अशी जुनी रीत आहे, पण साहेबांकडे बॉलपेन होतं. त्यांनी ते जरा वेळ हातात फिरवलं आणि टोपण लावून खिशात ठेवलं.

दुसरा निकाल २००८ चा. साहेब वेगळे, आरोपी वेगळा, गुन्हाही वेगळ्या जातीचा. शिक्षेच्या भागाशी आल्यावर साहेब म्हणाले, “तुमच्याकडे आधीचा एक आहे ना? त्यातला तो सुधारणेचा पॅरा घ्या, बघतो मी.” मी घेतला. नाव बदललं, वय बदललं, साहेबांनी दोन शब्द इकडेतिकडे केले. रात्री घरी प्रूफ वाचायला बसलो तर तिसऱ्या ओळीत जुन्या आरोपीचं नाव तसंच राहिलेलं.

चूक माझीच होती आणि सही व्हायच्या आत ती मी दुरुस्त केली. पण तो कागद बराच वेळ मी पुढ्यात धरून बसलो. जुनं नाव त्या वाक्यात चपखल बसत होतं, नवं घातलं तरी तितकंच चपखल. गुन्हा कसा झाला यावर अडतीस पानं होती: जखमांची लांबी-रुंदी, मुद्देमालाचे क्रमांक, उलटतपासातलं प्रत्येक ‘खरे नाही’. माणूस सुधारेल की नाही यावर नऊ ओळी, त्याही उसन्या. तुरुंगात तो कसा वागला, शाळा किती शिकला, डोकं ठिकाणावर आहे का, याचं एक चिटोरंही फायलीत नव्हतं. पाकीट चोरल्याच्या खटल्यातसुद्धा आम्ही पंचनामा मागायचो.

आमच्याच कोर्टात असं झालं असेल, असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. मग मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या मनोज खटल्यात सांगितलं की फाशीचा विचार असेल तर खटला चालवणाऱ्या न्यायालयाने आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक, घरची परिस्थिती असे अहवाल मागवावेत. म्हणजे १९८० ची अट बेचाळीस वर्षांनी पुन्हा सांगावी लागली. मी तोवर निवृत्त झालो होतो. बातमी वाचून बरं वाटलं आणि रागही आला.

पुरावा नीट न तपासता माणूस लटकवायला निघालं तर काय होऊ शकतं, याची दोन उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. २००३ च्या नाशिकजवळच्या एका खून-बलात्कार प्रकरणात सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांची फाशी पक्की केली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि तो धागा कुणी धरलाच नव्हता. दुसरं, पुण्यातलं १९९४ चं सात जणांच्या खुनाचं प्रकरण. त्यात फाशीची शिक्षा झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये मान्य झालं. तोवर त्याची २८ वर्षं तुरुंगात गेली होती.

मग सुधारणेची बाजू निर्दोष आहे का? छे. आपल्याकडे खात्याचं नावच ‘कारागृह व सुधारसेवा’ आहे, पण २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत शंभरांच्या जागेत १३१ माणसं होती आणि त्यातले पाऊण कच्चे कैदी. जिथे पाठ टेकायला जागा नाही तिथे सुधारणा कुठे टेकवणार? १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली. कैद्यांनी बायकामुलांसह राहायचं, शेती करायची, कोंडून ठेवायला भिंत नाही. ती अजून चालते याचा अभिमान आहे, पण तुरुंगांच्या पसाऱ्यात ती चिमूटभर मिठाएवढी.

त्याहून मोठी खोट माफीची, म्हणजे सरकारने उरलेली शिक्षा माफ करून सोडण्याची आहे. गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या अकरा दोषींना २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी सोडलं गेलं, हार घातले गेले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण निकाल मुंबईच्या कोर्टाचा आणि माफी देणारं सरकार गुजरातचं, त्याला तो अधिकारच नव्हता. हे आठवून कुणी म्हणालं की ‘सुधारणा वगैरे ठीक, पण उद्या हा सुटून हार घालून फिरेल’, तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. ती भीती खरी आहे.

त्या भीतीवर एक मधली वाट आहे आणि ती निवेदनांत कधी नसते. २००८ च्या श्रद्धानंद खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत माफी नसलेली जन्मठेप देत आलं आहे. २०१५ मध्ये घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं, पण हा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला दिला. सत्र न्यायाधीशाच्या पुढ्यात दोनच दारं उरतात. साधी जन्मठेप दिली तर लोक म्हणणार चौदा वर्षांत सुटेल, म्हणून काही जण दुसरं दार उघडत असतील, असा माझा अंदाज. मरेपर्यंतची कोंडवणूक मात्र मला फारशी पटत नाही, कारण मग आत कुणी शहाणं कशाला व्हायचं? वीस-पंचवीस वर्षांचा आकडा असलेली पटते.

माझ्या बाबतीत तागडी शेवटी एका फायलीने झुकवली. २००३ च्या त्या आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने कायम केली नाही, जन्मठेप दिली. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, तुरुंगातून त्याची फाइल आमच्याकडे आली. मुदतपूर्व सुटकेवर निकाल देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवतात, तशी. आत अधीक्षकांचा अहवाल होता. काम: सुतारकाम. शिक्षण: तुरुंगात आल्यावर दहावी. तुरुंगातील गुन्हे: निरंक. शेरा: नवीन कैद्यांना अर्ज लिहून देतो. सुधारेल की नाही यावर, सोळा वर्षांपूर्वी मी टाइप केलेल्या निकालानंतर, आमच्या कार्यालयात आलेला हा पहिला कागद. त्या अहवालावरून तो नक्की सुधारला असं मी छातीठोक म्हणणार नाही, तुरुंगात गोड वागणं सोपंही असेल. पण फायलीत निदान काहीतरी होतं. नव्या साहेबांनी आमचा जुना निकाल मागवला, तो परिच्छेद वाचला आणि मला विचारलं, “हे कशावरून लिहिलं होतं?”

मी म्हटलं, “तसा पॅरा असायचा, साहेब.”

तेव्हा तुम्ही काय करावं? ज्याचं स्वतःचं माणूस गेलं आहे त्याला सल्ला द्यायची माझी लायकी नाही, त्याने खुशाल सही करावी. दहशतवादासारख्या प्रकरणांत माझंही मन डळमळतं. विधी आयोगानेसुद्धा २०१५ च्या अहवालात फाशी बंद करा म्हणताना तो एक अपवाद ठेवलाच. बाकीच्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही बातमी वाचून पेटलेल्यांनी, मला वाटतं जरा दमाने घ्यावं.

गेल्या वेळी कागद घेऊन आलेली मुलं ओळखीचीच होती. मी म्हटलं, खाली एक ओळ वाढवा: ‘शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचा तुरुंगातील व मानसिक अहवाल मागवावा.’ मग सही करतो. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, “काका, प्रिंट काढून झाल्यात सगळ्या.” मी कागद परत दिला आणि ते शेजारच्या दारात गेले.