बेळगावकर दुकानदारांनो, ‘बॅकलिंक’ विकणाऱ्यापासून जपून

लग्नसराईच्या तोंडावर शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या दुकानदारांना एक फोन येतो. ‘तुमची वेबसाइट सहा महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो.’ त्यासाठी तो ‘बॅकलिंक’ विकतो, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपल्या वेबसाइटची लिंक लावून देतो. बोलणारा स्वच्छ मराठी बोलतो, अदबीनं बोलतो आणि त्याला आपल्या धंद्याची बारीकसारीक माहिती असते. आमच्या दुकानातून त्यानं ६३,७२० रुपये नेले. ते कुठल्या कामाचे नेले हे सविस्तर लिहितोय, कारण या प्रकारात काम झालेलं डोळ्यांना दिसतं, आणि म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

आमचं साड्यांचं दुकान शहापुरात. वडगाव-खासबागच्या मागांवरचा माल, शिवाय इलकल, पैठणी, सुरती. दुकान थोरले भाऊ आणि वहिनी बघतात. भावाला आम्ही अण्णा म्हणतो. हिशेब आणि कॉम्प्युटरचं माझ्याकडे. चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी, गोव्याकडची माणसं बस्ता बांधायला पूर्वीपासून बेळगावात येतात. पण आता नवरी मुलगी आधी मोबाइलवर साड्या बघते, दोन-चार दुकानं मनाशी ठरवते आणि मग आई-मावशीला घेऊन निघते. तेव्हा आपली वेबसाइट शोधणाऱ्याला दिसायला हवी, हे अण्णांचं म्हणणं अगदी रास्त होतं.

फोनवर बोलणं झाल्यावर तो माणूस स्वतः दुकानात आला. कार्डावर पुण्याचा पत्ता, कोपऱ्यात ‘गुगल पार्टनर’ असं छापलेलं. वहिनींनी चहा दिला. ‘अण्णा, सीमाभागातल्या आपल्या मराठी व्यापाऱ्यांचं काम मी कमी दरात करतो. पुण्या-मुंबईत याचे दुप्पट घेतो.’ आपल्याकडे कुणी आपुलकीनं सीमाभागाचं नाव काढलं की तो माणूस तिथंच अर्धा घरचा होतो. पाट्यांपासून कागदपत्रांपर्यंत रोज भाषेसाठी झगडणाऱ्या माणसांची ही दुखरी जागा आहे आणि त्यानं ती बरोबर हेरली होती. पैसे गेल्यापेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

महिना नऊ हजार, वर अठरा टक्के जीएसटी, सहा महिन्यांचे आगाऊ. ‘मागाहून दर वाढतो, आत्ताच भरून टाका की.’ पैसे एका वैयक्तिक यूपीआयवर घेतले. चालू खात्याचं काम सुरू आहे, असं कारण दिलं.

‘गुगल पार्टनर’ हा शिक्का गुगलवर पैसे देऊन जाहिराती चालवणाऱ्या कंपन्यांना मिळतो. शोधात फुकट वर येण्याशी त्याचा संबंध नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनंच व्यावसायिकांसाठीच्या सूचनांमध्ये लिहून ठेवलेलं आहे.

महिन्याभरानं तो हिशेब द्यायला पुन्हा आला. गल्ल्यापाशी उभा राहून त्यानं स्वतःच्या मोबाइलवर ‘साडी शॉप’ एवढंच टाइप केलं आणि आमचं दुकान वरच्या तिघांत आलं. अण्णांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. पण शोधणारा कुठं उभा आहे हे बघून गुगल जवळची दुकानं आधी दाखवतं. शहापुरात उभं राहून साडीचं दुकान शोधलं तर शहापुरातलंच दुकान येणार. आमची नकाशावरची नोंद तर पुतण्यानं आधीच करून ठेवलेली होती, आणि ती फुकट होते. मी त्याच रात्री म्हापशाच्या मावशीच्या सुनेला फोन करून तेच शब्द टाकायला सांगितले. तिकडं आमचा पत्ताच नव्हता. मग ‘बेळगाव साडी होलसेल’ टाकून बघायला सांगितलं. तिनं तीन पानं खाली जाऊन बघितली, तरी नाही.

त्याला विचारलं तर उत्तर तयार होतं. ‘लिंकांचा परिणाम दिसायला वेळ लागतो, सर.’ आणि मग ती एक्सेल शीट. दर महिन्याला शेकडो ओळी. प्रत्येक ओळीत एका वेबसाइटचा पत्ता, तारीख, त्या वेबसाइटचं वजन सांगणारा ‘डीए’ नावाचा आकडा आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात ‘लाइव्ह’. कुठल्याही पत्त्यावर क्लिक करा, खरोखरच पान उघडतं आणि त्या पानावर कुठंतरी आमच्या दुकानाची लिंक असते. एकही ओळ खोटी नाही. ज्याला यातलं माहीत नाही त्यानं आक्षेप घ्यायचा तरी कशावर?

उलगडा झाला तो वेगळ्याच वाटेनं. दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर सातारकडच्या एका बाईंचा मेसेज आला. ‘तुम्हाला लाज वाटत नाही का?’ एवढंच, आणि खाली एक लिंक. वहिनींनी ती उघडली. त्या बाईंनी आपल्या वडिलांवर लेख लिहिला होता. वडील एसटीत कंडक्टर होते, नुकतेच गेले होते. लेखाखाली नातेवाइकांनी, वडिलांच्या जुन्या सोबत्यांनी आठवणी लिहिल्या होत्या. त्यांच्या मधोमध हे: ‘खूप उपयुक्त माहिती! अशीच माहिती देत राहा.’ लिहिणाऱ्याचं नाव ‘बेळगाव साडी होलसेल’. त्या नावावर बोट टेकवलं की आमचं दुकान उघडायचं.

वहिनींनी लगेच त्या ताईंना फोन लावला. ‘हे आम्ही लिहिलेलं नाही, ताई, पण नाव आमचं आहे. आमच्याकडून माफी मागते.’ त्या भल्या होत्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि ती प्रतिक्रिया काढून टाकली. वहिनी मात्र त्या दिवशी धड जेवल्या नाहीत.

मग मी ती शीट घेऊन बसलो आणि एकेक पान उघडत गेलो. पोर्तुगीज भाषेतला मासेमारीवरचा ब्लॉग. कित्येक वर्षांत काही नवं न लिहिलेलं पाककृतींचं पान, ज्याच्या खाली जुगार, कर्ज आणि औषधांच्या शेकडो जाहिराती एकावर एक साठलेल्या. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी. सगळीकडं तीच दोन-तीन वाक्यं, तेच नाव. साडीचा, विणकामाचा, बेळगावचा कुठं संबंध नाही. माणसानं वाचून लिहिलेलं त्यात काही नव्हतं. हे काम सॉफ्टवेअर करतं, एका रात्रीत हजारो ठिकाणी.

आता यामागची गोष्ट समजून घ्या, कारण त्याचं अर्धं बोलणं खरं असतं. दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकला गुगल महत्त्व देतं, हे खरंच आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना १९९८ साली मांडलेली पेजरँकची कल्पना त्यावरच उभी आहे. चार जाणत्या व्यापाऱ्यांनी एखाद्या विणकराचं नाव घेतलं तर त्याचा माल चांगला असणार असं आपण धरतो, तसंच ते. पण नाव कोण घेतोय याला तिथं किंमत आहे. लोकांच्या लेखाखाली स्वतःच स्वतःचं नाव लिहीत सुटलेल्या माणसाची शिफारस कोण मानेल?

गुगलनंही ती मानणं फार पूर्वीच सोडलं. जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ नावाची खूण आणली. ही खूण असलेली लिंक शिफारस म्हणून धरायची नाही, असं तेव्हा ठरलं. वर्डप्रेसवरच्या ब्लॉगांत प्रतिक्रियेतल्या लिंकेला ही खूण तेव्हापासून आपोआप लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकांसाठी ‘यूजीसी’ ही आणखी एक खूण आली. मधल्या काळात, एप्रिल २०१२ मध्ये, गुगलनं ‘पेंग्विन’ नावाचा बदल केला आणि अशा बनावट लिंका जमवणाऱ्या असंख्य वेबसाइट शोधातून खाली फेकल्या गेल्या. २०१६ पासून पेंग्विन गुगलच्या मुख्य यंत्रणेचाच भाग आहे आणि अशा लिंकांना बहुतेक वेळा नुसतं शून्य धरलं जातं. म्हणजे आमचे पैसे घेऊन त्यानं जे विकलं, त्याचा बाजार उठून वर्षं लोटली होती. आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याचा तोच धंदा.

ही खूण आपल्याला स्वतः बघता येते. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये त्या लिंकवर माउसचं उजवं बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडायचं. बाजूला जो कोड उघडतो त्यात ‘नोफॉलो’ किंवा ‘यूजीसी’ हे शब्द दिसतात. आमच्या शीटमधल्या ज्या ज्या लिंका मी तपासल्या, त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांवर ते होते. आणि त्या ‘डीए’च्या आकड्यालाही भुलू नका. डोमेन ऑथॉरिटी हे मोझ नावाच्या खासगी कंपनीचं स्वतःचं मोजमाप आहे, गुगल ते वापरत नाही. शिवाय एखाद्या वेबसाइटचा आकडा साठ असला म्हणून तिच्या तळाशी लिहिलेल्या प्रतिक्रियेला साठचं वजन येत नाही.

कुणाच्या लेखावर मनापासून दोन ओळी लिहिणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. इलकलच्या टोपी पदरावर कुणी लेख लिहिला आणि अण्णांनी त्याखाली तो पदर मागावर कसा जोडतात ते लिहिलं, तर वाचणारा कदाचित दुकानापर्यंत येईलही. त्याला क्रमांक वाढवण्याचं काम म्हणून कुणी बिल लावत नाही, इतकंच.

बिलाचं प्रकरण आमच्या सीएंनी पकडलं. पत्ता पुण्याचा, आम्ही कर्नाटकात, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी लागायला हवा. बिलावर मात्र एकाच राज्यातल्या व्यवहारासारखे सीजीएसटी ४,८६० आणि एसजीएसटी ४,८६० असे दोन भाग. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो, कर्नाटकातला २९ नं. सीमेवर धंदा करणाऱ्यांना हे आकडे पाठच असतात. याचा नंबर २७ चाच होता, पण पोर्टलवर टाकून बघितला तर भलत्याच नावावर, आणि नोंदणी रद्द झालेली. विकणाऱ्यांनी भरलेली बिलं पोर्टलवर आमच्या नावे ज्या यादीत दिसतात, त्या जीएसटीआर-२बी मध्ये ते बिल आलंच नाही. म्हणजे कराचे ९,७२० रुपये त्यानं सरळ खिशात घातले. पैसे देण्याआधी नंबर पोर्टलवर तपासायला दोन मिनिटं पुरतात, त्यासाठी सीएंकडे जायचीही गरज नाही.

आम्ही काम थांबवायला सांगितल्यावर त्याचा फोन लागेनासा झाला. आणि थोड्याच दिवसांत दुसराच फोन आला. आवाज वेगळा, कंपनीचं नाव वेगळं. ‘तुमच्या वेबसाइटला हजारो टॉक्सिक लिंका लागल्यात. गुगल तुम्हाला काळ्या यादीत टाकणार आहे. आम्ही त्या काढून देतो, पंचवीस हजार.’ पुरावा म्हणून त्यानं यादी पाठवली. ती आमच्याच शीटची यादी होती, त्याच क्रमानं, तारखांसकट. घाण टाकणारे आणि ती उपसायचे पैसे मागणारे एकच होते. निपाणीच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला हाच दुसरा फोन आला आणि घाबरून त्यांनी ते पैसेही भरले. म्हणून हा भाग नीट वाचा.

गुगलचं ‘सर्च कन्सोल’ फुकट आहे. आपल्या वेबसाइटची मालकी त्यात सिद्ध केली की ‘मॅन्युअल अॅक्शन्स’ नावाचं पान उघडतं. गुगलच्या माणसांनी आपल्या वेबसाइटवर कारवाई केली असेल तर ती तिथं लिहिलेली असते. आमच्या पानावर काहीही अडचण आढळली नसल्याचा हिरवा शेरा होता. नको असलेल्या लिंका नाकारण्याची सोयही गुगलनं ऑक्टोबर २०१२ पासून दिलेली आहे. तिला ‘डिसअव्हाउ’ म्हणतात, तीही फुकट. पण कारवाई झाली असेल किंवा होण्याची खरीच भीती असेल तरच ती वापरा, असं गुगल स्वतः सांगतं. आम्ही तिला हात लावला नाही आणि पंचवीस हजारही दिले नाहीत. सर्च कन्सोलचं खातं मात्र मालकाच्याच ईमेलवर असू द्या. तो माणूस पहिल्या दिवसापासून ‘ते आमच्याकडंच राहू दे’ म्हणत होता. का, ते आता कळतंय.

ज्या ज्या ब्लॉगवाल्यांचा संपर्क मिळाला, त्यांना वहिनी आणि मी रोज थोडं थोडं लिहून ती प्रतिक्रिया काढायची विनंती करतो आहोत. क्रमांकासाठी नाही, कुणाच्या दुःखाच्या जागी आमचं नाव राहू नये म्हणून.

यूपीआयनं पैसे गेल्यामुळे १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत मधे बरेच दिवस गेले होते. दुसरी तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. समोरचा पुण्याचा पत्ता सांगत असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथंच तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. व्यापारासाठी घेतलेली सेवा एरवी या कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्या माणसाला सवलत आहे, आणि अण्णा-वहिनी सकाळी शटर उघडण्यापासून रात्री बंद करण्यापर्यंत स्वतः गादीवर बसतात. आमच्या वकिलांनी तोच मुद्दा धरलाय.

तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षं. तुमच्याकडं अशी शीट, बिल, यूपीआयची पावती, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं असेल तर त्यातलं काहीही पुसू नका. निपाणीच्या त्या व्यापाऱ्यांच्या बिलावर आमच्यासारखाच २७ नं सुरू होणारा तोच रद्द झालेला नंबर आहे. खानापूर, चिकोडीकडं आणखी कुणाच्या बिलावर तो असेल तर शहापुरात दुकानावर येऊन भेटा. कागद घेऊन या, वकिलांना एकत्रच दाखवू.