मुल्कीतला सर्फिंगचा पहिला धडा : चार तारे, पाचवा सावलीअभावी कापला

बुकिंगच्या फोनवर मी फिरून फिरून एकच विचारत होते, नवऱ्याला पोहता येत नाही, चालेल ना? पलीकडचा मुलगा हिंदीतून शांतपणे म्हणाला, "मॅडम, पाणी कमरेच्या वर जाऊच देणार नाही." तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुल्की म्हणजे मंगळुरूहून उडुपीकडे जाताना हायवे ६६ वर, साधारण ३० किलोमीटरवर. शांभवी नदी इथे समुद्राला मिळते. शेजारच्या सशिहित्लूच्या किनाऱ्यावर २०१६ साली इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा सुरू झाली. पण ती भरते मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर, कारण तेव्हा लाटा दांडग्या असतात. आपल्यासारख्यांनी जायचं ते थंडीत आणि सकाळी सकाळीच. तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी नितळ असतं. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटला की सगळा खळबळाट होतो. आम्हाला सातची वेळ दिली तेव्हा पोरांनी तोंडं वाकडी केली, पण वेळ बरोबर होती.

पहिला बराच वेळ पाण्यात नेतच नाहीत. वाळूवर बोर्ड मांडून पालथं झोपायचं, हात छातीशी टेकायचे आणि एका झटक्यात पाय खाली घेऊन उभं राहायचं. गुडघ्यावर थांबायचं नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष. मग मागून हलकेच ढकलून बघतात, जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा. लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला. लेकीचा उजवा पाय पुढे आला. अशांना म्हणे 'गूफी' म्हणतात. धाकट्याला दिवसभर पुरेल एवढा मसाला मिळाला.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडला, पडायचं कसं. सूर मारायचा नाही, आडवं पसरून पडायचं. वर येताना हातांनी डोकं झाकायचं, कारण बोर्ड कुठून येईल सांगता येत नाही. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरायचा नाही. नदीच्या मुखाकडे जायचं नाही, तिथे ओढ असते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर जात बाहेर पडा. आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. हे ऐकून सासूबाई वाळूवरूनच म्हणाल्या, "ह्या तर आमच्या वेंगुर्ल्यात पोराटोरांकय म्हायत." शिकवणाऱ्याला अर्थ सांगितला तर त्याने हात जोडले. पुढे तो पाण्यातूनही अधूनमधून त्यांच्याकडे बघून अंगठा दाखवत होता.

पाण्यात दोघांमागे एक शिकवणारा. बोर्ड फोमचे, मऊ आणि लांबलचक. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस आला की तो मागून बोर्ड ढकलतो आणि "उठो!" म्हणून ओरडतो. नवऱ्याला सगळ्यात मोठा बोर्ड मिळाला. तो उभा राहिला, फार काळ नाही, पण जेवढा राहिला तेवढा वेळ त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मी पोटावरच जास्त रमले. फेसावरून पालथं सरकत वाळूपर्यंत यायला पैसे पडले असते तरी मी दिले असते. शिकवणाऱ्याला ते पसंत नव्हतं.

आता तक्रारी. किनाऱ्यावर बसायला सावली नाही, खुर्ची नाही. सासूबाई आमच्या छत्रीखाली टॉवेल अंथरून बसल्या. माणशी २००० रुपयांच्या आसपास घेता, तर एक ताडपत्री बांधायला काय हरकत आहे? कपडे बदलायची खोली एकच, कडी अर्धवट लागणारी. बाहेर लेक राखणीला. लायक्राचे टी-शर्ट देतात, पण बायकांच्या अंगाला बसतील असे मोजके, आणि मला मिळाला तो काखेत उसवलेला. स्वतःचा पूर्ण बाह्यांचा, अंगालगत बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग न्या. नाहीतर बोर्ड पोट आणि गुडघे सोलून काढतो. फोटोंचे पैसे वेगळे आहेत हे फोटो काढून झाल्यावर सांगतात. आधीच विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी बरगड्या आणि दंड असे ठणकत होते की नीर डोसा तोडायलाही जोर लागला. तरी नवरा आणि लेक पुन्हा सातला हजर. धाकटा उठलाच नाही. मी आणि सासूबाई रिक्षा करून बप्पनाडूच्या दुर्गापरमेश्वरीला जाऊन आलो.