मराकेश ते मर्झूगा: मुलाबाळांसह मुक्काम कुठे, कसा

मोरोक्कोत मराकेश शहराकडून सहारा वाळवंटाच्या कडेच्या मर्झूगा गावाकडे जाताना वारझाझात शहर, दादेस आणि तोद्रा ही खोरी लागतात. या पट्ट्यातली बर्बर (तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) कुटुंबांची अतिथीगृहं पैसे वसूल करणारी आहेत, पण खोली नीट पाहून घ्या. जाड मातीच्या भिंतींमुळे दुपारी गारवा मिळतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्याच खोल्या रात्री बर्फासारख्या होतात. 'हीटर आहे का' एवढंच विचारू नका, रात्रभर चालू ठेवता येतो का तेही विचारा.

दर ठरवताना रात्रीचं जेवण आणि न्याहारी धरून बोला. गावात संध्याकाळी दुसरी सोय क्वचितच असते. शाकाहाऱ्यांनी भाज्यांचं ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सेदार पदार्थ) सांगताना मांसाचा रस्सा घालू नका, हेही सांगावं. भाज्या दिसतात म्हणून ते शाकाहारी असेलच असं नाही! टोमॅटो-डाळीच्या हरीरा सूपचंही तेच.

मराकेश ते वारझाझात जेमतेम २०० किमी, पण २,२६० मीटर उंचीच्या तिझी-न-तिश्का घाटामुळे चार-पाच तास धरा. मुलांना वळणं लागतात, त्यामुळे निघताना पोटभर खाऊ घालू नका. वाटेत ऐत बेनहद्दू हे मातीच्या घरांचं जुनं तटबंदीचं गाव आहेच. तिथून एका दमात मर्झूगा गाठणं म्हणजे मुलांचा छळ. दादेसला मुक्काम करा.

मर्झूगाच्या बहुतेक अतिथीगृहांपर्यंत साधी गाडी जाते. मऊ वाळूत मात्र घालू नका, चाकं रुततात. गाडी वाळूबाहेर लावा, उंटावरून जायच्या वाळवंटातल्या तंबूंच्या तळावर एका रात्रीपुरतीच पिशवी न्या. रोख दिरहम (तिथलं चलन) वारझाझातलाच काढून ठेवा, पुढे कार्ड सगळीकडे चालत नाही.