केबिनमध्ये मावणारी बाबागाडी: शनिवार-रविवारच्या परदेशवाऱ्यांनंतर

घडी कशी होते ते दुकानात सगळेच दाखवतात. मूल त्यात दुपारचं झोपतं का, हे मात्र महिनोन्‌महिने वापरल्यावरच कळतं. लेक दीड वर्षाची असताना ही गाडी घेतली, आता ती दोन वर्षांची होत आलीय. शुक्रवारी निघून रविवारी रात्री परत, अशाच आमच्या वाऱ्या असतात, त्यामुळे सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळायला वेळच नसतो. गाडी विमानात सोबत नेता यायला हवी, एवढी एकच अट होती.

खोक्यावर 'आयाटाच्या मापात बसते' असं छापलेलं असतं. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिचं माप ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर, चाकं आणि दांडा धरून. पण ती नुसती शिफारस आहे. वर काय न्यायचं ते शेवटी विमान कंपनीच ठरवते, आणि विमान गच्च भरलेलं असलं की दारातला कर्मचारी. जाताना डोक्यावरच्या कप्प्यात आरामात बसलेली गाडी येताना टॅग लावून खाली सामानाच्या कप्प्यात गेली, असंही झालंय. टॅग लावत असतानाच विचारून घ्यायचं: परत विमानाच्या दाराशी मिळणार की पट्ट्यावर? एकदा पुढच्या चाकाचा खटका मोडून आला. अशा वेळी विमानतळ सोडण्याआधीच तक्रार नोंदवावी. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार विमान कंपनीकडे सोपवलेल्या (चेक-इन) सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते.

एका हाताने घडी होते हे खरंय, पण खालची टोपली रिकामी असेल तरच. सुरक्षा तपासणीत मुलाला उतरवून गाडी एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवावी लागते. नेमकी तेव्हाच टोपलीत पाण्याची बाटली, डायपरची पिशवी आणि एक बूट निघतो. दुसरा बूट पायातच. घडी अर्ध्यावर अडते, लेक कडेवरून निसटायला बघते आणि मागच्या रांगेचे सुस्कारे ऐकू येतात. आता रांगेत शिरण्याआधीच टोपली मोकळी करतो.

झोपेच्या बाबतीत मात्र गाडीने मन जिंकलं. शरीराचं घड्याळ नव्या वेळेला साधारण दिवसाला तासाभराच्या वेगाने जुळवून घेतं. दोन दिवसांसाठी ती उठाठेव कशाला करायची? दोन-तीन तासांचाच फरक असेल तर आम्ही लेकीला घरच्याच वेळेवर ठेवतो. मग तिथल्या घड्याळात सकाळचे अकरा वाजलेले असोत की दुपारचे चार, तिची झोपेची वेळ झाली की गाडीची पाठ खाली करायची आणि चालत राहायचं. पाठ पूर्ण आडवी होत नाही, पण दीड वर्षाच्या मुलाला तेवढी पुरते. पट्टा ओढून पाठ खाली नेणं सोपं. झोपलेल्या मुलासकट वर आणणं म्हणजे कसरत, मग ती जागी होईपर्यंत आम्ही तशीच ठेवतो.

छत तोकडं आहे. ऊन तिरपं आलं की सरळ चेहऱ्यावर पडतं. बरेच जण वरून दुपटं टाकतात. ते अजिबात करू नये, आत हवा खेळत नाही आणि गाडी भराभर तापते. त्यापेक्षा रस्त्याची सावलीची बाजू धरावी.

चाकं हा या गाडीचा कच्चा दुवा. फोमची असल्याने पंक्चरची काळजी नाही, विमानतळाच्या फरशीवर तर बोटाने ढकलली तरी पळते. पण जुन्या शहरांतल्या दगडी गल्ल्यांत तिचं काही चालत नाही. पुढची छोटी चाकं फटीत अडकतात, लेकीचे गाल थरथरतात आणि झोपेचं खोबरं होतं. अशा ठिकाणी पुढची चाकं सरळ लॉक करून गाडी उलटी, मागच्या चाकांवर ओढत नेलेली बरी. लिफ्ट नसलेल्या स्टेशनांवर तिचं हलकं वजन कामी येतं, फक्त खांद्याचा पट्टा फार रुततो. दांड्याला जड पिशवी अडकवली तर मूल उतरताच गाडी मागे कलंडते. सगळ्याच हलक्या गाड्यांची ही खोड.

वजनमर्यादा २२ किलोची आहे. घेताना हा आकडा जरूर बघा, कारण काही हलक्या गाड्या १५ किलोवरच थांबतात. अर्थात मूल वजनाआधी उंचीने मोठं होतं. आमच्या लेकीचं डोकं आताच छताला टेकायला लागलंय.

दोन वर्षं पूर्ण झाली की विमानात मांडीवर बसवता येत नाही, स्वतंत्र सीट घ्यावी लागते. वाढदिवस सहलीच्या मधेच येत असेल तर परतीच्या प्रवासाचं आधी विचारून ठेवा. आमची पुढची वारी तशीच आहे. गाडी अर्थातच सोबत येणार, फक्त खटका मोडलेलं चाक त्याआधी बदलायचंय. ते सुटं मिळालं, हे नशीब. तुम्ही घेताना तेवढं आधीच विचारा.