विज्ञानासाठी शाळेने आधी काय निवडावे : प्रयोगशाळा, साहित्यपेटी, सिम्युलेशन की प्रात्यक्षिक?

विज्ञानाचे अध्यापन सुधारायचे असे शाळेने ठरवले की पहिल्याच बैठकीत साधनांची यादी पुढे येते. प्रयोगशाळा बांधावी, संगणक घ्यावेत, प्रयोगांच्या पेट्या मागवाव्यात, असे प्रस्ताव येतात आणि एकाच वर्षात हे सगळे शक्य नसल्यामुळे कशाला तरी अग्रक्रम द्यावा लागतो. उच्च प्राथमिक आणि माध्यमिक वर्ग, मोठी पटसंख्या, आखडता निधी आणि आठवड्याला विज्ञानाच्या मोजक्या तासिका अशा शाळेचे मुख्याध्यापक किंवा व्यवस्थापन समिती डोळ्यांपुढे ठेवून येथे चार मार्गांची तुलना केली आहे. माझे मत आधीच सांगतो. प्रयोग सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने ‘काय घडेल आणि का घडेल’ हे स्वतः लिहून काढणे आणि प्रयोगानंतर त्या अंदाजावर वर्गात चर्चा होणे, यासाठी जो मार्ग तुमच्या शाळेत खरोखर वेळ ठेवू देईल तो आधी निवडावा. साधनांचा दर्जा हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

सुसज्ज प्रयोगशाळेपासून सुरुवात करू, कारण बहुतेक समित्यांची पहिली पसंती तिलाच असते. तिचे काही फायदे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाहीत. ब्युरेट या मापनळीतील द्रवाची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचणे, तराजूवर वस्तुमान घेणे, आम्ल हाताळताना कोणती काळजी घ्यायची हे अंगवळणी पडणे, एकच मोजमाप तीनदा घेतल्यावर तीन वेगळी उत्तरे आली तर काय करायचे हे शिकणे, या गोष्टी हातानेच येतात. वरच्या वर्गांतील रसायनशास्त्रासाठी हवेशीर जागा, पाण्याची सोय आणि सुरक्षिततेची साधने असलेली खोली अपरिहार्यच आहे. मात्र प्रयोगशाळा असली म्हणजे विज्ञान समजते, ही समजूत टिकत नाही. एब्राहम्स आणि मिलर या संशोधकांनी इंग्लंडमधील शाळांतील प्रयोगांच्या 25 तासिकांचे निरीक्षण करून 2008 मध्ये जे मांडले, त्याचा आशय असा की शिक्षकांचा बहुतेक भर विद्यार्थ्यांकडून उपकरणे नीट हाताळली जाऊन अपेक्षित परिणाम दिसावा यावर होता. त्या परिणामामागील कल्पनेवर विचार करायला लावण्यासाठी फारच थोडा वेळ दिला जात होता. प्रयोगशाळा उत्तम असूनही हे घडते. कृती छापलेली, निष्कर्ष आधीच ठाऊक, गटातील एकाने प्रयोग करायचा आणि बाकीच्यांनी त्याचे आकडे प्रयोगवहीत उतरवून घ्यायचे, ही पद्धत नव्या खोलीत गेल्याने बदलत नाही. शिवाय साहित्याची मांडणी आणि आवराआवर करायला प्रयोगशाळा साहाय्यक नसेल, तर ती खोली हळूहळू कुलूपबंदच राहू लागते.

शिक्षकाने वर्गासमोर करून दाखवायचे प्रात्यक्षिक हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि म्हणूनच त्याला अनेकदा कमी लेखले जाते. केवळ पाहण्यापुरते प्रात्यक्षिक खरोखरच फारसे शिकवत नाही. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर यांच्या गटाने 2004 मध्ये भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांनी प्रात्यक्षिक नुसते पाहिले, त्यांना त्यामागील कारण सांगण्यात प्रात्यक्षिक न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच अधिक यश मिळाले. ज्यांनी आधी अंदाज नोंदवला त्यांचे यश वाढले, आणि अंदाज व निरीक्षण यांवर आपसांत चर्चाही केली त्यांचे सर्वाधिक होते. प्रात्यक्षिक तेच होते, फरक फक्त त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काही मिनिटांचा होता. हा अभ्यास विद्यापीठातील असला तरी शाळेसाठीही तो मला फार मोलाचा वाटतो, कारण या बदलासाठी कोणतीही खरेदी करावी लागत नाही.

उदाहरणादाखल सर्वांना माहीत असलेला प्रयोग घेऊ. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा ठेवलेला काचेचा ग्लास. थोड्याच वेळात ज्योत विझते आणि पाणी ग्लासात वर चढते. ‘हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला आणि त्याची जागा पाण्याने घेतली’ असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे आणि ते चुकीचे आहे. ज्योत विझते तेव्हा ग्लासातील ऑक्सिजन संपलेला नसतो. जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफही तयार होत असतात. पाणी चढण्याचे मुख्य कारण असे की ज्योतीमुळे तापलेली आणि प्रसरण पावलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकुंचन पावते. आता हाच प्रयोग दोन प्रकारे घेता येतो. शिक्षकाने तो दाखवावा, पाठ्यपुस्तकातील वाक्य फळ्यावर लिहावे आणि पुढे जावे. अशा वेळी वर्ग टाळ्या वाजवतो आणि चुकीची कल्पना घेऊन बाहेर पडतो. किंवा शिक्षकाने आधी विचारावे : ऑक्सिजन संपत जाईल तसतसे पाणी चढणार असेल, तर ते ज्योत जळत असताना चढेल की विझल्यानंतर? एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या, तर पाणी तितकेच चढेल की अधिक? प्रत्येकाने वहीत उत्तर आणि कारण लिहावे, हात वर करून मते मोजावीत आणि मगच ग्लास ठेवावा. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर भराभर चढते आणि तीन मेणबत्त्यांनी अधिक चढते, हे दिसल्यावर ग्लासातील ऑक्सिजन तर वाढला नव्हता हे मुलांच्याच ध्यानात येते, आणि वर्गातील वाद विज्ञानाचा होतो. ज्या मुलांनी कधी तोंड उघडले नव्हते ती अशा वेळी शेवटच्या बाकावरून बोलू लागतात. हा बदल ज्या शिक्षकांनी पाहिला आहे ते पुन्हा जुन्या पद्धतीकडे सहसा वळत नाहीत.

या मार्गाची मर्यादाही लपवू नये. सगळा भार शिक्षकावर पडतो. त्याला विषय खोलवर माहीत हवा, मुलांच्या मनातील चुकीच्या कल्पना आधी ओळखता यायला हव्यात आणि चुकीचे उत्तर ऐकून न थांबवण्याचा संयम हवा. मुलांचे हात मात्र रिकामेच राहतात.

हात रिकामे राहू नयेत यासाठी वर्गातच वापरायच्या साहित्यपेट्या उपयोगी पडतात : विद्युत घट, छोटे दिवे, तारा, चुंबक, भिंगे, फुगे, मोजपट्ट्या. बेंच नको, नळ नको, साहित्य गटागटाने वाटता येते. विद्युत प्रवाह दिव्यात ‘खर्च’ होतो आणि परत कमी येतो, अशी समज असंख्य मुलांच्या मनात असते. एकसर जोडणीतील दोन सारख्या दिव्यांपैकी कोणता अधिक उजळेल याचा अंदाज लिहून मग जोडणी करणारे मूल या समजुतीला स्वतःच्या हाताने सामोरे जाते. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये मध्य प्रदेशातील 16 उच्च प्राथमिक शाळांत अशाच साध्या साहित्यावर सुरू झाला, पुढे शेकडो ग्रामीण शाळांत पोहोचला आणि 2002 पर्यंत चालला. त्यातून घेण्याजोगी गोष्ट केवळ पेटी नाही. तेथे शिक्षकांचे सतत प्रशिक्षण होते आणि परीक्षाही बदललेली होती. मुलांना पुस्तक उघडून उत्तरे लिहिता येत आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होत असे. पेटी घेताना हा उरलेला भाग सोडून दिला, तर ती खेळण्यांची पेटी होते. पेटी देऊन ‘शोधा’ एवढेच सांगणेही पुरेसे नाही. अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात मदतीशिवायचा शोध थेट शिकवण्यापेक्षा कमी परिणामकारक ठरला, तर प्रश्न, सूचना आणि प्रतिसाद यांची जोड मिळालेला शोध इतर पद्धतींपेक्षा सरस ठरला. खरेदीच्या वेळी एक गोष्ट मात्र नक्की ठरवून घ्यावी : संपलेले घट आणि फुटलेले दिवे कोण बदलणार. पेटीचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते.

संगणकीय सिम्युलेशनबाबत, म्हणजे पडद्यावर करता येणाऱ्या आभासी प्रयोगांबाबत, दोन टोकाची मते ऐकू येतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील सिम्युलेशन मोफत आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. त्याच विद्यापीठात 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्युत परिपथ सिम्युलेशनवर शिकलेले विद्यार्थी खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत पुढे होते आणि नंतर खरा परिपथ जोडण्यातही मागे पडले नाहीत. त्याचे कारण समजण्यासारखे आहे : पडद्यावर तारेतील इलेक्ट्रॉन वाहताना दिसतात, सैल जोडणी किंवा उतरलेला घट लक्ष विचलित करत नाही. वायूचे कण, अणूची रचना, ग्रहांच्या कक्षा अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या विषयांसाठी हा मार्ग सर्वोत्तम आहे. पण बीज अंकुरताना पाहणे किंवा मोजमापातील चूक अनुभवणे येथे शक्य नाही, आणि एका पडद्यासमोर दहा मुले बसणार असतील तर शिक्षकाने सिम्युलेशन मोठ्या पडद्यावर अंदाजासह चालवलेलेच बरे.

विज्ञान प्रदर्शने, केंद्रांच्या सहली आणि पाहुण्यांची व्याख्याने यांना मी या स्पर्धेत धरलेले नाही. त्यांनी कुतूहल जागे होते, परंतु क्षणापुरता जागा झालेला रस आणि टिकणारी आवड या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी निर्माण होण्यासाठी मुलाला पुन्हा पुन्हा संधी, आधार आणि ‘हे मला जमते’ असा अनुभव लागतो, आणि तो वर्गातच मिळतो.

मग निर्णय कसा घ्यावा? ज्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक उत्साही आहेत पण साधने जवळजवळ नाहीत, तिने प्रथम अंदाजावर आधारलेली प्रात्यक्षिके आणि त्यासाठी शिक्षकांच्या एकत्र तयारीचा आठवड्यातील एक तास वेळापत्रकात घालावा, आणि त्याच वर्षी थोड्या पेट्या घ्याव्यात. जेथे शिक्षक वारंवार बदलतात किंवा विषयाचे प्रशिक्षित शिक्षक नाहीत, तेथे सोबत प्रश्नांच्या लेखी मार्गदर्शिका असलेल्या पेट्या अधिक सुरक्षित ठरतील, कारण पद्धत एका व्यक्तीबरोबर निघून जात नाही. संगणक आधीच असतील तर सिम्युलेशनसाठी वेगळा निधी राखण्याची गरज नाही. नसतील तर केवळ विज्ञानासाठी ते घेऊ नयेत. वरच्या वर्गांत रसायनशास्त्र शिकवले जात असेल आणि सुरक्षित खोली नसेल, तर मात्र प्रयोगशाळेला अग्रक्रम द्यावाच लागेल आणि तेव्हा तिच्या खर्चातच साहाय्यकाचे वेतन धरावे.

कोणताही मार्ग घेतला तरी त्याच सत्रात घटक चाचणीतील निदान काही प्रश्न बदलावेत : व्याख्या लिहा याऐवजी न पाहिलेल्या प्रयोगाचे काय होईल आणि का, असे विचारावे. मुले कोणत्या गोष्टीला महत्त्व देतात हे प्रश्नपत्रिका ठरवते. सत्राच्या शेवटी या प्रश्नांची उत्तरे आणि सुरुवातीला लिहून घेतलेले अंदाज शेजारी ठेवून पाहिले, तर पुढच्या वर्षीचा निधी त्याच मार्गावर खर्च करायचा की नाही, हे समितीला ठरवता येईल.