ग्रेट सर्कल मॅपर : अंतर अचूक, वेळ मात्र आपण काढायची

मुंबई ते लंडन विमानाचं अंतर बघायला ग्रेट सर्कल मॅपरइतकी सरळ साइट दुसरी नाही. लॉगिन नाही, पैसे नाहीत. चौकटीत मुंबईचा कोड बीओएम, मधे आडवी रेघ आणि हीथ्रोचा एलएचआर टाकला की नकाशा आणि आकडा समोर. आकडा आधी मैलांत येतो, सुमारे 4,480; एकक बदललं की 7,200 किलोमीटर. शहराच्या नावापेक्षा कोडच टाकावा. गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स, तिथे नावाने घोळ होतो.

नकाशावरची रेघ उत्तरेकडे फुगलेली दिसते. ती चूक नव्हे. गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट कागदावर असाच वाकतो. या रस्त्याचा मध्य आर्मेनिया-जॉर्जियाच्या आसपास पडतो.

पण विमान या रेघेवरून जात नाही, आणि साइटची खरी मर्यादा हीच. रेघ कराचीजवळून बलुचिस्तान, पुढे इराण आणि मग युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीच्या विमानांना जास्त, कारण मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून वळसा घेऊ शकतं.

वेळेचा ढोबळ हिशोब असा : किलोमीटरला 850 ने भागा आणि चढ-उतार व विमानतळावर जमिनीवरून सरकण्यासाठी (टॅक्सी) 35-40 मिनिटं मिळवा. इथे साधारण नऊ तास येतात. जाताना प्रत्यक्षात साडेनऊ-दहा तास लागतात, कारण पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, समोरून असतो. परतताना तोच मागून ढकलतो आणि नऊच्या आसपास काम होतं. वारा किती फरक पाडतो ते एअर इंडियाने 2016 मध्ये दाखवलं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. रस्ता सुमारे 1,400 किलोमीटरनी वाढला, तरी वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला!

दुबईमार्गे जाणार असाल तर बीओएम-डीएक्सबी-एलएचआर असं एकत्र टाका. 1,930 अधिक 5,500, म्हणजे थेट रस्त्यापेक्षा जेमतेम 230 किलोमीटर जास्त. एवढ्यावर भुलू नका. दोन्ही उड्डाणांचे मिळून अकरा तास होतात, शिवाय दुबईतला थांबा वेगळा.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात, हे या साइटवर कुठेही कळत नाही. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. दुपारी 2 ला निघून संध्याकाळी 6:30 ला उतरणं उन्हाळ्यात नऊ तासांचं, हिवाळ्यात मात्र त्याच वेळा दहा तासांच्या. मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लक्षात ठेवा, घड्याळ तेव्हाच बदलतं.

अंतरासाठी, विमान कंपन्या प्रवाशांना देतात त्या बक्षीस माइल्सच्या अंदाजासाठी, दोन मार्ग ताडून बघण्यासाठी ही साइट उत्तम. पुढची गाडी किंवा कनेक्शन ठरवायचं असेल तर फ्लाइटरडार24 किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच क्रमांकाच्या विमानाची मागच्या काही दिवसांची प्रत्यक्ष उतरण्याची वेळ बघा आणि त्यातली सर्वांत उशिराची धरा.