जुनं पुस्तक विकायचंय: दुकानदार की लिलाव?

कपाटात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश सापडला, तर आधी साल बघा. 1857ची दुसरी आवृत्ती आणि 1975चं पुनर्मुद्रण यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक.

दुकानदार घासाघीस करून लगेच रोख देतो; पण त्याला ते पुढे विकायचं असतं, म्हणजे भाव पाडूनच मागणार. लिलावात दोन संग्राहक हट्टाला पेटले तर चांदी, नाहीतर थांबत बसा, वर कमिशनही द्या. पानं पूर्ण, बांधणी मूळची, कसर लागलेली नाही, अशी दुर्मीळ प्रत असेल तरच लिलाव. (फाटक्या पानांना कृपा करून सेलोटेप लावू नका!) कादंबऱ्यांचा गठ्ठा सरळ दुकानदाराकडे.

ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं, 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित मात्र परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही. 1972चा पुरावस्तू कायदा आड येतो.